बडोद्यात मिळणारा तयार अंत्यविधी संच: आधी चिता कोणती ते ठरवा, मग गाठोडं उचला

बडोद्यात मराठी घरात कोणी गेलं की सामान आणायला निघालेल्या माणसाच्या हाती दुकानदार एक बांधून ठेवलेलं गाठोडं देतो. दोन बांबू, कामट्यांचा जुडगा, सुतळी, पांढरं कापड, मडकं, आणि एका पिशवीत तूप, कापूर, तीळ, जव, दर्भ, गुलाल, राळ, चंदनाचे तुकडे, नारळ, गंगाजळ. दांडिया बाजार, रावपुरा किंवा स्मशानाच्या रस्त्यावर, कुठेही घ्या, आतला माल साधारण हाच. ही सोय मोठी आहे. बुरूड, कुंभार, कापडवाला आणि किराणा अशी चार दारं रात्री-अपरात्री वाजवण्यापेक्षा एका ठिकाणी सगळं मिळणं हा त्या घरावर उपकारच आहे. या परीक्षणात संचाच्या काही त्रुटी येणार आहेत, पण संच घेऊच नका असं मी मुळीच म्हणणार नाही.

खरी अडचण अशी की हा संच लाकडाच्या चितेसाठी आणि गुजराती रीतीने बांधलेला असतो. आपल्याकडचे बरेच दहन आता गॅसवर होतात आणि विधी मराठी गुरुजी सांगतात. त्यामुळे दोन-तीन वस्तू कमी पडतात, बऱ्याच जास्तीच्या होतात आणि काही वस्तू भट्टीत गेल्या तर अपाय करतात. शववाहिनी चालवणारे, मंडळाचे कार्यकर्ते, गुरुजी आणि दुकानदार या सगळ्यांनी हे ध्यानात ठेवलं तर घरच्यांची ऐन वेळची धावपळ वाचेल.

सुरुवात तिरडीपासून. संचातले बांबू बहुधा सात फुटांचे असतात. मृताची उंची अधिक दोन फूट हा हिशेब धरला तर पाच फूट उंचीच्या माणसाला ते बेताचे पुरतात. सहा फुटी माणसाला आठ फुटांचे मागून घ्या, नाहीतर पुढच्या खांदेकऱ्याच्या पाठीला डोकं लागतं. रुंदी दीड फुटाच्या आसपास ठेवावी. त्याहून रुंद केली की जिन्यात आणि पोळातल्या (जुन्या वस्तीच्या अरुंद गल्लीतल्या) वळणांवर ती अडते. कामट्या निदान सात हव्यात, आणि त्यातल्या दोन कमरेखाली जवळजवळ, कारण सगळं वजन तिथे येतं. संचात पाचच निघतात. सुतळी बारीक असते, ओझ्याखाली ती ताणते आणि गाठ सरकते. काथ्याची दोरी वेगळी मागा. बांबू निवडताना पेरं दाबून पाहा, भोकं पडलेला आणि खालून पिवळट पावडर गळणारा बांबू किडका असतो. अंगणात तो शाबूत दिसतो आणि खांद्यावर चढल्यावर मोडतो.

कापडाबद्दल माझी सगळ्यात मोठी तक्रार. ‘कॉटन’ म्हणून जे पाच मीटर देतात ते बहुतेक वेळा सुती आणि पॉलिस्टरची मिसळ असते. दुकानातच त्याचा एक धागा काढून काडीने पेटवा. सुती धागा कागदासारखा जळून भुरभुरीत राख होते, पॉलिस्टर आक्रसतं आणि टोकाला काळा कडक मणी धरतं. लाकडाच्या चितेवर हा मणी कातडीला चिकटतो आणि काळा धूर करतो, पण ज्वाळांत ते फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. गॅसवर मात्र लक्षात येतं, कारण भट्टीचं दार लागण्याआधीच, तप्त विटांजवळ जाताच, कापड वितळायला लागतं. सवाष्णीची हिरवी साडी हा याच्याच पुढचा प्रश्न. बाजारात आयत्या वेळी मिळणारी साडी बहुतेक सिंथेटिक असते. घरात सुती हिरवी साडी असेल तर तीच नेसवावी. नसेल तर साडी पांघरून घालावी आणि भट्टीजवळ आदराने काढून घ्यावी. गुरुजींना हे आधी सांगून ठेवलं की त्या क्षणी वाद होत नाही.

मडकं संचात एकच असतं. आपल्याला दोन लागतात: एक घरून अग्नी नेण्यासाठी, एक स्मशानात पाण्याचं. अग्नीच्या मडक्याला शिंकाळं हवं, ते संचात नसतं. काथ्याच्या चार पदरी दोरीने तळाशी फुली करून बांधा, सुतळी निखाऱ्याच्या धगीने तुटते. आत दोन मुठी राख पसरून त्यावर पेटलेल्या गोवरीचे तुकडे ठेवले तर तळ तडकत नाही आणि विस्तव अर्धा-पाऊण तास टिकतो. पाण्याचं मडकं तीन-चार लिटरचं पुरे. मोठं घेतलं तर म्हाताऱ्या कर्त्याला खांद्यावर धरून तीन फेऱ्या मारता येत नाहीत. दुकानातच बोटाच्या पेराने वाजवून पाहा: खणखणीत वाजलं तर ते जास्त भाजलेलं, पहिल्याच फेरीत अश्म्याच्या (मडक्याला भोक पाडायच्या दगडाच्या) टोल्याने अख्खं फुटतं, बद्द वाजलं तर कच्चं, ते वाटेतच पाझरतं. मधला आवाज हवा. आणि अश्मा संचात कधीच नसतो, तो स्मशानात उचलला जातो. मूठभर आकाराचा, एका बाजूला टोक असलेला दगड घरूनच न्यावा. मडकं फुटलं की गर्दीत तो पायाखाली जातो. दहाव्या दिवसापर्यंतच्या तिलांजलीला तोच अश्मा लागतो, म्हणून फुटल्याबरोबर तो उचलून कापडात बांधायचं काम एका माणसाकडे आधीच सोपवा.

आता पिशवी. पाच पिंडांना (कपाळ, मुख, दोन बाहू, छाती) पाव किलो पीठ भरपूर होतं, संचात ते असतं. तुळस आणि सोन्याचा कण घरचाच. गुलाल मात्र बहुतेक संचांत अर्धा किलो, जो मराठी घरात चिमूटभर लागतो. नारळ चार असतात, कारण गुजराती ननामीच्या (तिरडीच्या) चार कोपऱ्यांना ते बांधायची रीत आहे. आपल्याला त्यांचा उपयोग नाही, आणि त्यांच्याबद्दल पुढे सांगायचं आहे. सगळ्यात गरजेची आणि कुठल्याच संचात नसलेली वस्तू म्हणजे पट्टी. मृत्यूनंतर दोन ते चार तासांत शरीर ताठरायला लागतं, आधी जबडा आणि मान, मग हातपाय, आणि साधारण बारा तासांत ते पूर्ण ताठतं. मे महिन्यातल्या बडोद्याच्या उन्हाळ्यात हे आणखी लवकर. त्याच्या आत डोळे मिटवून, हनुवटीखालून डोक्यावर पट्टी बांधून, हात सरळ करून, पायांचे अंगठे एकत्र बांधले नाहीत तर नंतर बळ लावावं लागतं, आणि घरच्यांसमोर ते फार वाईट दिसतं. दीड-दोन मीटर गॉज पट्टी आणि थोडा कापूस, इतकंच लागतं. दुकानदारांनी एवढं संचात टाकलं तर मी त्या संचाला डोळे मिटून शिफारस देईन.

लाकडाच्या चितेसाठी हा संच एकंदर चांगला आहे. गडबड होते ती लाकडाच्या मोजणीत. गुजरातेत लाकडाचा मण २० किलोचा. जुन्या मराठी हिशेबातला ४० शेरांचा मण सुमारे ३७ किलोचा. घरातले वडीलधारे सवयीने ‘आठ-दहा मण पुरे’ म्हणतात आणि प्रत्यक्षात १६० ते २०० किलो लाकूड येतं. उघड्या चितेला ३०० ते ४०० किलो लागतं, म्हणजे इथले १५ ते २० मण. लोखंडी जाळी आणि वर धुरांडं असलेल्या सुधारित चितेवर मात्र १५० ते २०० किलोत काम होतं, कारण जाळीमुळे खालून हवा मिळते आणि उष्णता आतच राहते. म्हणून लाकूड मागण्याआधी चौथरा कोणता मिळाला ते विचारा.

पावसाळ्यात लाकूड ओलं येतं. वरून कोरडं दिसलं तरी दोन ओंडके एकमेकांवर आपटून ऐका. सुकलेले टणक वाजतात, ओले थप्प. ओलं लाकूड उष्णता स्वतःचं पाणी उडवण्यात घालवतं, चिता धुमसते आणि छाती व कमरेचा भाग मागे राहतो. त्या भागात वस्तुमान जास्त, म्हणून जाड ओंडके तिथेच खाली आणि दोन्ही बाजूंना रचावेत, डोक्याकडे व पायांकडे मध्यम जाडीचे चालतात. सगळ्यात खालचे ओंडके हातभर अंतर ठेवून आडवे टाकावेत, हवा शिरायला जागा हवी. गच्च रचलेली चिता भरभक्कम दिसते पण जळत नाही. कापूर आणि गोवऱ्या खाली, मधोमध. तूप एक ते दोन किलो, एकदम न ओतता पळीने जाड लाकडांवर. संचात अर्धा किलोच असतं, तेव्हा तूप वेगळं घ्या. राळ फार जपून: ती मुठीने ज्वाळेवर फेकली की भडका परत हाताकडे येतो. पेटवण्याआधी सरणावर भुरभुरून टाकावी, नंतर टाकायची वेळ आली तर लांब दांडीच्या पळीने. रॉकेल किंवा डिझेल कोणी सुचवलं तर स्पष्ट नकार द्या. ते वरवर पेटतं, झर्रकन संपतं आणि लाकूड तसंच राहतं. तिरडीचे बांबू चितेवर ठेवायचेच असतील तर आधी कुऱ्हाडीने चिरून ठेवा. अखंड पेरातली हवा आणि ओल तापून ते बंदुकीसारखे फुटतात आणि निखारे उडतात.

गॅस भट्टीसाठी मात्र पिशवी उघडून निम्मं सामान बाहेर काढा. भट्टीच्या पहिल्या कक्षात शरीर जळतं आणि निघालेला धूर दुसऱ्या कक्षात साधारण ८५० अंशांवर पुन्हा जाळला जातो. तो पूर्ण जळायला त्याला एक-दोन सेकंद तिथे राहावं लागतं. तूप, राळ, कापूर यांची एकदम वाफ झाली की दुसऱ्या कक्षाला ती पेलत नाही, आणि धुरांड्यातून काळा लोट निघतो. अर्धा किलो तुपाचा डबा अंगावर रिकामा केला की हेच होतं, वर ढकलगाडी आत जाताना दारातच भडका उठतो आणि ऑपरेटरचा चेहरा त्याच्या समोर असतो. गॅससाठी तूप चमचाभर, ओठांना आणि छातीला. कापराची एक वडी मंत्राग्नीपुरती, दाराबाहेर. राळ अजिबात नको.

नारळ आत जाऊ देऊ नये. करवंटीच्या आत पाण्याची वाफ कोंडते आणि तो फुटतो. भट्टीच्या अस्तराच्या विटा अशा धक्क्यांनी तडकतात. गंगाजळाची झाकण लावलेली प्लॅस्टिकची बाटली, अत्तराची कुपी, खिशातला लायटर, सगळ्यांचं तेच. काचेच्या बांगड्या फुटत नाहीत पण ७०० अंशांच्या आसपास मऊ होऊन वितळतात आणि हाडांना व भट्टीच्या तळाला चिकटतात. अस्थी गोळा करताना हिरवा चकाकता थेंब हाडाला घट्ट बसलेला सापडतो तो हाच. बांगड्या घरीच उतरवून घेतलेल्या बऱ्या. हॉस्पिटलने दिलेली बॉडी बॅग, सलाइनच्या नळ्या, मनगटाचा प्लॅस्टिकचा पट्टा हे पीव्हीसीचं असू शकतं. त्यातल्या क्लोरिनमुळे जळताना आम्ल वायू होतो, तो ऑपरेटरच्या छातीत जातो. परदेशातून आलेला मृतदेह जस्ताचं अस्तर असलेल्या पेटीत असला तर पेटी वेगळी काढण्यासाठी पत्रा कापायची कात्री आणि अर्धा तास हाताशी ठेवा.

पेसमेकर ही बाब वेगळी आणि गंभीर. त्यातली लिथियमची बॅटरी तापून फुटते. इंग्लंडमध्ये १९७६ सालीच अशा स्फोटाची नोंद झाली आणि तेव्हापासून दहनापूर्वी विचारपूस करायची पद्धत तिथे रुळली. आपल्याकडे विचारणारा कोणी नसतो, म्हणून आपणच विचारायचं: ‘छातीत मशीन बसवलंय का?’ डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली बोट फिरवलं तर काडेपेटीएवढा टणक उंचवटा लागतो. तो काढायचं काम डॉक्टरचं किंवा शवागारातल्या प्रशिक्षित माणसाचं, आणि हॉस्पिटलमधून देह हलवण्याआधीच. हृदयाला झटका देणारं यंत्र असेल तर ते आधी बंद करून घ्यावं लागतं, नाहीतर तारा कापताना कापणाऱ्याला झटका बसू शकतो. खुब्याचा किंवा गुडघ्याचा सांधा मात्र काढायची गरज नाही. टायटॅनियम किंवा कोबाल्ट-क्रोमियमचा तो सांधा तसाच्या तसा राहतो आणि अस्थींतून हाताने वेगळा करता येतो. चुंबकाने तो उचलला जात नाही, हे नव्या कर्मचाऱ्यांना सांगून ठेवा.

मृत व्यक्ती फार स्थूल असली तर ऑपरेटरला आधी सांगा. अशा दहनाला सकाळची पहिली पाळी, भट्टी थंड असताना, योग्य. आधीच्या दोन दहनांनी तापलेल्या भट्टीत चरबी एकदम वितळून पेटते आणि तापमान हाताबाहेर जातं. भट्टीलाही विश्रांती लागते. एप्रिल २०२१ मध्ये सुरतेत गॅसभट्ट्या रात्रंदिवस चालल्या तेव्हा आतल्या लोखंडी जाळ्या वितळल्या होत्या. म्हणून ‘आमचं लगेच उरका’ असा आग्रह ऑपरेटरशी धरू नये. एका दहनाला दीड ते दोन तास हा योग्य वेळ आहे. पाऊण तासात उरकून देणारी भट्टी हाडं अर्धवट काळी ठेवते. विजेच्या भट्टीला हेच सगळं लागू, फक्त तिला आधी तापवावं लागतं आणि मध्येच वीज गेली तर काम लांबतं, म्हणून जनित्र आहे का ते विचारून घ्या.

कारेलीबागेतल्या खासवाडी स्मशानात लाकूड आणि गॅस दोन्हींची सोय आहे. तरी घरातून निघण्याआधी फोन करून त्या दिवशी कोणती चिता चालू आहे ते विचारावं, आणि संच त्या उत्तरानंतर घ्यावा. घरी झालेल्या मृत्यूसाठी डॉक्टरांचं मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र नमुना ४-अ मध्ये, हॉस्पिटलमधल्यासाठी नमुना ४ मध्ये असतं. ते, मृताचं आधार आणि कर्त्याचं आधार एका पाकिटात ठेवा. अपघात, भाजणं, विष, किंवा कारण न कळलेला मृत्यू असेल तर पोलीस आणि शवविच्छेदनाशिवाय पुढे जाऊ नये. नोंदणीची मुदत २१ दिवस. नाव आधारवर जसं आहे तसंच लिहून घ्या. ‘गायकवाड’चं ‘गायकवाड’ व ‘गाएकवाड’ असं दोन कागदांवर झालं की बँकेत आणि पेन्शनमध्ये महिनोन्‌महिने जातात.

अस्थींसाठी संचात लाल कापडाची थैली असते. ती वाहून न्यायला ठीक, पण त्यात ऊन अस्थी भरू नका. लाकडाच्या चितेच्या पोटात दुसऱ्या दिवशीही निखारे असतात, दूध-पाणी शिंपडून वर गार दिसलं तरी. आधी मातीच्या किंवा तांब्याच्या भांड्यात, हाताला पूर्ण गार लागल्यावर थैलीत. गॅसवर त्याच दिवशी अस्थी मिळतात, तिथे तबकावरचा क्रमांक आणि पावतीवरचा क्रमांक स्वतः ताडून पाहावा. अस्थी आणि राख मिळून दोन-तीन किलो भरतात. सगळं वाहायचं असेल तर मोठं भांडं लागेल, नाहीतर फुलं (हाडांचे तुकडे) तेवढी वेगळी काढावीत. विसर्जनाला बडोदेकर बहुधा चांदोदला जातात, सुमारे ५० किलोमीटर, नर्मदा आणि ओरसंगचा संगम. तिथे मल्हारराव घाटाच्या पायऱ्या पावसाळ्यात पाण्याखाली जातात, आणि वर सरदार सरोवरातून पाणी सोडलं की पातळी चढते. निघण्याच्या सकाळी घाटावरच्या गुरुजींना विचारूनच गाडी काढा. विश्वामित्रीत अस्थी सोडायला खाली उतरू नका, त्या नदीत मगरी आहेत.

विकत घेणाऱ्यांसाठी माझं मत असं. लाकडाची चिता असेल तर मोठा संच घ्या, वर एक किलो तूप, काथ्याची दोरी, दुसरं मडकं आणि गॉज पट्टी. गॅस असेल तर छोटा संच घ्या आणि नारळ, राळ, जादा तूप दुकानातच परत करा. मोठ्या संचाची किंमत मुख्यतः तूप आणि चंदनानेच वाढलेली असते, आणि गॅसभट्टीत त्या दोन्हींचं काम नाही. चंदन ठेवायचंच तर बोटभर तुकडा छातीवर. दुकानदारांनी संचावर ‘लाकूड’ आणि ‘गॅस’ अशा दोन ठळक चिठ्ठ्या लावाव्यात, आणि मराठी गिऱ्हाइकाला दुसरं मडकं हवं का, एवढं विचारावं.